रुग्णशय्येपाशी मोह आणि सेवा

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा आपल्या ब्रह्मविद्येचा पाया होय. जीव हा जीवाचा पिता नव्हे की पुत्र नव्हे. देहाच्या योगाने जडलेला संबंध देहाबरोबरच सुटतो. निरूपणात हे आपण पुष्कळदा ऐकतो आणि ऐकताना ते पटतेही. परंतु ज्या दिवशी ऐंशी वर्षांच्या मातेस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नेले जाते, तिच्या नाकातोंडात नळ्या जातात आणि डॉक्टर बाहेर येऊन एका कागदावर सही मागतात, त्या दिवशी ऐकलेल्या निरूपणाचा आणि हातातल्या लेखणीचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पूर्वी हा प्रश्न ह्या रूपाने उपस्थित होत नसे. वृद्ध मनुष्य घरीच आजारी पडे, घरीच त्याची शुश्रूषा होई आणि बहुधा घरीच त्याचा देह पडे. अन्न उतरेनासे झाले, श्वास मंदावला, की अंतकाळ जवळ आला हे घरातल्या वडीलधाऱ्यांस कळे आणि सर्वजण नामस्मरणास बसत. आज श्वास मंदावला की श्वासयंत्र येते, मूत्रपिंडे थांबली की डायलिसिस येते, रक्तदाब उतरला की तो चढता ठेवणारे औषध शिरेतून सुरू होते. ह्या साधनांनी असंख्य लोक बरे होऊन घरी परतले आहेत. न्यूमोनिया झालेला सत्तरीचा मनुष्य काही दिवस यंत्रावर राहून पुन्हा आपल्या शेताच्या बांधावर उभा राहतो. हा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या देहाचे सर्वच व्यापार आवरत आले आहेत, त्याला हीच साधने लावली असता ती मरण टाळीत नाहीत, केवळ लांबवितात. आपल्यापुढील प्रसंग पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, हे ओळखण्याचे ओझे आता मुलांवर येऊन पडले आहे. आणि ते पेलताना मोह हा सेवेचे वस्त्र पांघरून पुढे येतो. त्याला ओळखावे कसे, एवढाच खरा प्रश्न आहे.

एका आक्षेपाचा निकाल प्रथम लावलेला बरा. काही वासनिक मंडळी म्हणतात की, आईचा हा कर्मभोग आहे, तो तिने भोगल्यावाचून सुटणार नाही, मग एवढा औषधोपचार कशाला? हाच मनुष्य स्वतःचा दात दुखू लागला म्हणजे कर्मभोगाचे नाव न काढता दवाखाना गाठतो. कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या दुःखात धैर्य येण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यास तो आधार होऊ शकत नाही. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घडते. आजवर अनन्य भक्ती आचरलेल्या घरात, रुग्ण बेशुद्ध होताच कोणी शेजारी अंगारा आणून देतो, कोणी नवस बोलावयास सुचवितो, आणि भेदरलेला मुलगा मुकाट्याने हात पुढे करतो. ज्या मातेने आयुष्यभर अन्य देवतेपुढे हात जोडले नाहीत, तिच्या कपाळास तिची शुद्ध हरपल्यावर अंगारा लावणे म्हणजे तिच्या निष्ठेचा, ती बोलू शकत नाही ही संधी साधून केलेला भंग होय.

आता मूळ विषयाकडे वळू. आचार प्रकरणात स्वामींनी देश, गाव आणि आप्त यांच्या संबंधाचा त्याग सांगितला, आणि त्यांतही आप्तांच्या संबंधावर अधिक भर दिला. ही आज्ञा अनुसरण घेतलेल्या साधकास आहे, गृहस्थाश्रमी वासनिकास नव्हे, हे उघड आहे. तथापि तिच्यामागील मर्म गृहस्थासही उपयोगी पडते. त्याज्य आहे तो ‘माझे’ हा भाव. समोरच्या जीवाचे दुःख पाहून द्रवणे त्याज्य नाही. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला आणि स्वामींनी त्यास अभय दिले, ही लीळा आपणांपैकी लहान मुलांसही ठाऊक आहे. तो ससा कोणाचाच कोणी नव्हता.

सेवेचे स्वरूप कसे असावे, ह्याचा वस्तुपाठ मात्र रिद्धपूर येथे मिळतो. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य, महदाइसा आणि अन्य भक्तजन श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहिले आणि त्यांच्या प्रयाणापर्यंत त्यांची सेवा केली. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात ह्या सेवेचे जे चित्र येते, ते लक्षपूर्वक पाहावे. श्रीप्रभू कोणत्या क्षणी काय करतील, काय मागतील, कोणावर रागावतील, ह्याचा नेम नसे. लोक त्यांस वेडे म्हणत. भक्तजनांनी त्यांना आपल्या सोयीच्या वेळापत्रकात बसविण्याचा हट्ट धरला नाही. त्यांच्या प्रवृत्तीस अनुसरून आपली सेवा बदलली. परमेश्वरावताराची लीळा आणि वृद्ध जीवाची व्याधी ह्यांची तुलना कोणी करू नये; तो दोष होईल. येथे पाहावयाचे आहे ते सेवकांकडे. सेव्य कसा आहे, ह्यावर त्यांनी सेवेचे माप ठेवले नाही.

ह्याचा प्रत्यक्ष उपयोग रुग्णालयात फार होतो. वृद्ध मनुष्य अतिदक्षता विभागात गेल्यावर दोनतीन दिवसांत पुष्कळदा भ्रमिष्टासारखा वागू लागतो. शांत स्वभावाचे वडील परिचारिकेस शिव्या देतात, मुलाला चोर म्हणतात, मेलेल्या भावाशी बोलतात, नळ्या उपटू पाहतात. आपल्याकडे ह्यास ‘वात झाला’ म्हणतात. डॉक्टर त्यास डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, लघवी वा शौच तुंबणे, काही औषधे, आणि रात्रंदिवस सारखाच उजेड असलेल्या खोलीतील जागरण ही त्याची कारणे होत. रात्री तो वाढतो, सकाळी ओसरतो, आणि मूळ कारण दूर झाले की बहुतेक वेळा निघून जातो. हे ठाऊक नसल्यामुळे किती घरांत केवढे अनर्थ होतात! वडील शेवटी मनातले बोलले, त्यांना आम्ही नकोच होतो, असा समज करून घेऊन मुले व सुना वर्षानुवर्षे झुरतात. वस्तुतः ते बोलणे त्या वडिलांचे नव्हतेच, तापाचे होते.

अशा वेळी वाद घालू नये. त्यांचा चष्मा, कवळी, श्रवणयंत्र घरून आणून परिचारिकेच्या परवानगीने त्यांस लावावे. ह्या तीन वस्तू पिशवीत पडून राहतात आणि आंधळ्या-बहिऱ्या झालेल्या त्या जीवास आपण कोठे आहोत हे कळत नाही. आज कोणता वार, कोणते गाव, आपण कोण, हे प्रत्येक भेटीत शांतपणे सांगावे. नळ्या उपटू नयेत म्हणून हात बांधले असतील, तर आपण जवळ असेतो ते सोडता येतील काय, असे विचारावे. पाठीस जखम होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ती बदलली जाते की नाही हे पाहावे. ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि म्हणूनच मोहास त्यांत रस नसतो. मोहास मोठ्या शहरातील मोठा डॉक्टर आणावयाचा असतो.

स्वामींनी जात्यंधांचा दृष्टान्त निरूपिला आहे. हत्तीचा एकेक अवयव चाचपून जो तो आपापल्या परी हत्ती सांगू लागला. आजच्या मोठ्या रुग्णालयात ह्या दृष्टान्ताचा नित्य प्रत्यय येतो. हृदयाचे डॉक्टर सांगतात की हृदय ठीक चालले आहे. मूत्रपिंडाचे सांगतात की कालच्यापेक्षा आकडा बरा आहे. फुप्फुसाचे सांगतात की पाहू या. प्रत्येकाचे बोलणे त्याच्या अवयवापुरते सत्य असते. आणि इकडे संपूर्ण मनुष्य मात्र मावळत चाललेला असतो. ह्यात डॉक्टरांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. विद्याच तशी विभागली गेली आहे. परंतु हत्तीविषयी विचारणारा कोणीतरी हवा, आणि तो मुलगाच असू शकतो. मुख्य डॉक्टरांस त्याने एकान्तात गाठून विचारावे : ह्या उपचारांनी माझे वडील पुन्हा उठून बसतील, माणसे ओळखतील, आपल्या हाताने घोटभर पाणी पितील, अशी आशा आपणांस आहे काय? नसेल तर हा उपचार नेमका कशासाठी चालला आहे? आशा धूसर असेल, तर अमुक इतके दिवस यंत्र लावून पाहू आणि त्यानंतर पुन्हा एकत्र बसून ठरवू, अशी मुदत आधीच घालून घेता येते. समंजस डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावत नाहीत. आपण विचारण्याची वाट पाहणारे डॉक्टरही असतात.

आता अहिंसेचा प्रश्न. अहिंसा हे आपल्या आचाराचे सर्वस्व. तेव्हा यंत्र लावू नका किंवा लावलेले काढा, असे म्हणणे ही मातेची हिंसा नव्हे काय, अशी शंका श्रद्धावान मनास येणे स्वाभाविक आहे. ह्या शंकेचा आदर राखूनही दुसरी बाजू पाहिली पाहिजे. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करण्याच्या प्रयत्नात ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या बरगड्या अनेकदा मोडतात. घशातील नळीने बोलणे बंद होते. शिरा सापडेनाशा झाल्या की सुया पुनःपुन्हा टोचाव्या लागतात. बरे होण्याच्या वाटेवर हे सर्व सोसणे म्हणजे औषधच होय. पण जेथे ती वाट संपली आहे असे जाणत्यांनी सांगितले, तेथे केवळ ‘आम्ही काही करावयाचे बाकी ठेवले नाही’ असे चारचौघांत म्हणता यावे म्हणून एका जीवास ह्या यातना देणे, ह्यास अहिंसा म्हणता येईल काय? मला तसे म्हणवत नाही. विष देऊन प्राण घेणे वेगळे, आणि जाणारा श्वास अडवून धरणे सोडून देणे वेगळे. पहिले कायद्यानेही गुन्हा आहे आणि धर्मानेही. दुसऱ्यास भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रथम मर्यादित मान्यता दिली, २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती पक्की केली, आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सुलभ केली. आता रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ व त्यावर दुसरे मंडळ, ह्यांनी रुग्णास तपासून, घरच्यांची संमती घेऊन आणि न्यायदंडाधिकाऱ्यास कळवून हा निर्णय करावयाचा असतो. वेदनाशमन मात्र कोणत्याही अवस्थेत थांबवावयाचे नसते. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना व धाप दोन्ही हलकी करते. त्याविषयीचे भय बहुतांशी अज्ञानाचे आहे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. कारण मोह जसा सेवेचे वस्त्र घेतो, तसा लोभ वैराग्याचे घेतो. ‘आता त्यांना मोकळे होऊ द्या’ हे वाक्य करुणेतूनही निघते आणि वाढत्या बिलाकडे पाहूनही निघते. शेत विकावे लागेल काय ही चिंता खोटी नाही आणि तिची लाज वाटण्याचेही कारण नाही. गरिबाच्या घरी नातवंडांचे अन्नही विचारात घ्यावे लागते. तसे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. पैशाची अडचण पैशाच्या नावाने सांगावी, तिला अध्यात्माचे नाव देऊ नये. उलट, अनेक घरांत दिसणारा दुसरा एक प्रकार आहे. दहा वर्षे रोज आईचे अंथरूण आवरणारी सून कोपऱ्यात उभी असते, आणि तिसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून आलेला मुलगा सर्वांत मोठ्या आवाजात ‘काहीही करा, पण वाचवा’ असे सांगतो. त्याचे प्रेम खोटे नसते. परंतु दहा वर्षांची न झालेली सेवा तो तीन दिवसांत यंत्राकरवी करवून घेऊ पाहतो, आणि तिचे मोल आईचा देह देतो. म्हणून कोणत्याही निर्णयाच्या वेळी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ह्याने कोणाचे दुःख हलके होते, तिचे की माझे?

सेवेस नाते लागत नाही, ह्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडून गेले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्यांची जाणीव हरपली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी, एक पिढी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या पिढीने, त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगास शय्याव्रण नव्हता, ह्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात केली आहे. त्यांचा आहार थांबवावा अशी विनंती न्यायालयासमोर आली, तेव्हा ह्या परिचारिकांनीच तीस विरोध केला, आणि न्यायालयाने त्यांच्या इच्छेस मान दिला. मागे जो विचार मांडला त्याच्याशी हे विसंगत वाटेल. मला तसे वाटत नाही. त्या श्वास स्वतः घेत होत्या, आणि ज्यांनी रोज कूस बदलली त्यांचा शब्द न्यायालयाने मोलाचा मानला. निर्णय कोणताही होवो, तो बोलण्याचा अधिकार हाताने सेवा करणाऱ्यास अधिक असतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या पंथीयांस विशेष लागू आहे. वृद्ध रुग्ण शुद्धीवर असतानाही त्यास त्याच्या आजाराचे खरे रूप सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. डॉक्टर मुलास बाहेर बोलावून सांगतात. मुलगा आत येऊन ‘काही नाही, दोन दिवसांत घरी जाऊ’ म्हणतो. हेतू दयेचा असतो. पण उपदेशी मनुष्य आयुष्यभर ज्या एका घटकेची तयारी करीत आला, ती घटका जवळ आल्याचे त्यापासून लपविणे ही दया कशी? त्यास आपल्या महंतांचे दर्शन घ्यावयाचे असेल, कोणाची क्षमा मागावयाची असेल, देवपूजेतील प्रसाद कोणाच्या हाती सोपवावयाचा असेल. हे सर्व राहून जाते. एकदम सांगावे असे नव्हे. ‘आजार मोठा आहे, तुम्हांस काय वाटते, काय हवे आहे?’ एवढे विचारून थांबावे. किती ऐकावयाचे ते रुग्णच ठरवितो. बहुधा त्यास ते आधीच ठाऊक असते, आणि आपण घाबरू नये म्हणून तोच गप्प असतो.

संन्यासी व तपस्विनींपुढे हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. पूर्वाश्रमीची माता रुग्णालयात आहे आणि ती आठवण काढते, असा निरोप आश्रमात आला, तर जावे काय? ह्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरूंस विचारूनच करावा. लेख लिहिणाऱ्याने तो देऊ नये. माझे मत विचारल्यास इतकेच सांगेन : आश्रमाशी संबंधित कोणत्याही वृद्ध वासनिक बाईस भेटावयास ज्या मनाने आपण जाऊ, त्या मनाने जाता येत असेल तर गुरूंच्या अनुज्ञेने जावे, लीळा सांगावी आणि परतावे; बिल, वाटणी व सह्या ह्यांच्या बोलण्यात बसू नये. तसे मन होत नसेल तर आश्रमात राहून स्मरण करणाऱ्यास निष्ठुर म्हणण्याचा अधिकार घरच्यांस नाही.

दुसरी बाजू अशी की संन्यासी स्वतः म्हातारा होतो. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेले आप्त, तो रुग्णालयात बेशुद्ध पडताच, कागदावरील ‘नातेवाईक’ ह्या रकान्यातून परत येतात. आणि ज्या शिष्याने त्याचे मलमूत्र काढले त्यास ‘तुम्ही कोण?’ असे विचारले जाते. ह्यावर उपाय आहे. २०१८ च्या निकालाने, शुद्धीत असताना आपल्या अंतिम उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवण्याची आणि आपण बोलू न शकल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव नोंदविण्याची मुभा दिली. २०२३ पासून त्यास न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वयोवृद्ध महंतांनी असा लेख करून आपल्या शिष्याचे नाव त्यात घालून ठेवावे, आणि घरोघरीच्या वृद्ध वासनिकांनीही. मुलांच्या डोक्यावरील केवढे तरी ओझे एका कागदाने उतरते.

आता अखेरीस भेटीच्या वेळेविषयी. अतिदक्षता विभागात बहुधा सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ, आणि एका वेळी एकदोघांसच, आत सोडतात. हा वेळ यंत्रावरील आकडे वाचण्यात जातो. ते आकडे परिचारिका पाहत असते. आपण हात स्वच्छ धुऊन रुग्णाचा हात हातात घ्यावा, नाव सांगावे आणि कानाशी हळू बोलावे. बेशुद्ध दिसणाऱ्या मनुष्याची श्रवणशक्ती पुष्कळ काळ टिकून असण्याचा संभव असतो, म्हणून त्याच्या उशाशी बिलाची वा वाटणीची चर्चा कदापि करू नये. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा ह्यांपैकी त्यास जे प्रिय असेल ते सांगावे. रोजच्या पूजेत तो जी लीळा आवडीने ऐके, तीच निवडावी. त्याच्या ओठांची वा बोटांची हालचाल झाली नाही म्हणून निराश होऊ नये. परिचारिकेने वेळ संपल्याचे सांगितले की दंडवत करून उठावे. लीळा मध्येच राहिली तर संध्याकाळच्या भेटीत तेथूनच पुढे सांगावी.